गुण कशाचा आला

पस्तिशीत मला एक आजार झाला, त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. फक्त सकाळी चपलेत पाय घालायला पाऊण तास लागायचा. कचेरीत फाईल उघडी ठेवून मी तिच्याकडं दिवसभर बघत बसे. पण सरकारी कचेरीत हे कुणाला वेगळं वाटलं नाही.

वाटलं ते थोरल्या भावाला. तो तालमीतला माणूस. त्याच्या मते जगातली निम्मी दुखणी दंडबैठकांनी जातात आणि उरलेली दुधानं. "आरं, अंगात रग न्हाय म्हणून मन बसतंय," म्हणाला, आणि रोज संध्याकाळी माझं कोपर धरून कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर नेऊ लागला. तिथं म्हशी उभ्या असत; गवळी डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात देई. भोवती पैलवान, व्यापारी, मास्तर, कुस्त्यांच्या गप्पा. मी मिशीला फेस लावून त्यांच्यात उभा असे, आणि सगळे नदीपल्याड बोलताहेत असं वाटे.

अंग भरलं, मन नाही. शेवटी गुपचूप सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या. "तीन-चार आठवडे लागतील, मध्येच सोडू नका," म्हणाले. बायकोला सांगितलं, डोळे तपासायला जातो. दर दुसऱ्या शनिवारी डोळे तपासूनही चष्मा न लागलेला माणूस कोल्हापुरात बहुधा मी एकटाच. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची. भाऊ म्हणाला, "उष्णता हाय. एक पेला वाढवू." वाढवला.

महिन्याभरानं एके दिवशी मी वेळेवर कचेरीत पोचलो, आणि पोचल्यावर ते माझ्या लक्षात आलं. भावानं गल्लीभर सांगितलं, "दुधानं उठीवला!" मी हसलो. ज्यानं रोज कोपर धरून नेलं, त्याला काय सांगणार? आणि त्या चालण्याचा काहीच गुण नव्हता, असं मी आजही म्हणणार नाही. पण गप्प राहण्याचं खरं कारण वेगळं होतं. मला 'डोक्याच्या गोळ्या खाणारा' व्हायचं नव्हतं. त्यापेक्षा दूध पिणारा बरा.

वर्षभरानं इचलकरंजीहून धाकटा मेहुणा आला. यंत्रमागावर काम करणारा, एरवी तोंडाचा पट्टा चालू. त्या दिवशी घास हातात धरून बसून राहिला. मग भावासमोरच विचारलं, "दाजी, तुमाला असंच झालतं न्हवं? दुधानंच बरं झालासा?"

भाऊ माझ्याकडं बघत होता.

"व्हय," मी म्हणालो.

सहा महिन्यांनी सासूबाईंचं पत्र आलं. दूध रोज देते, पण पोरगा कुणाशी बोलत नाही. परवा विहिरीच्या काठावर बसला होता, शेजाऱ्यांनी हाताला धरून घरी आणला. बायको पत्र वाचून रडत होती. मी दुपारची गाडी धरली.

तो कारखान्यात पाळीवर होता. जे घरात कधी कुजबुजलोही नव्हतो, ते मागांच्या खडखडाटात ओरडावं लागलं. "दूध नव्हतं! गोळ्या होत्या!"

त्यानं कानामागं हात धरला. "काय?"

तीनदा ओरडलो. मग त्यानं माग बंद केला.

"म्हंजे दाजी, मी रोज पेला रिकामा करत हुतो," तो म्हणाला, "आन् म्हनत हुतो, दाजींना लागू पडतंय, मला न्हाय, म्हंजे माझ्यातच खोट हाय."

"शनिवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडं चल," मी म्हणालो.

शनिवारी तो माझ्याबरोबर सांगलीला आला. गाडीत शेजारी बसला. दवाखान्यात मात्र समोरच्या बाकावर जाऊन बसला, ओळख नसल्यासारखा. राग कसला करणार? मीही तिथं इतके शनिवार भिंतीकडं तोंड करूनच काढले होते.

तेवढ्यात, आम्हाला बरोबर आत येताना पाहिलेल्या माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मोठ्यांदा विचारलं, "पावणं, तुमच्यातला पेशंट कोन?"

मेहुण्यानं मान खाली घातली.

"दोघंबी," मी म्हणालो.

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. माझे कान तापले. आतून मेहुण्याचं नाव पुकारलं गेलं, तो उठून गेला. मी त्या नजरांमध्ये बसून राहिलो.