लाटेच्या पलीकडं

कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात मी आरोग्य केंद्रात नर्स होते. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मूळची जालना जिल्ह्यातली, केदारखेड्याची. त्या मे महिन्यात मला रजा मिळेना, म्हणून भावानं आईलाच एसटीत बसवून माझ्याकडं पाठवून दिलं.

आई तेव्हा पन्नाशीला आलेली. शेत आणि मेंढरं सोडून ती कुठं राहिलीच नव्हती. पहिल्या संध्याकाळी तिला समुद्रावर नेलं, तर तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "आत्ता गं माय! एवढं पाणी, आन् एका जनावराच्या कामाचं न्हाई!"

तिथंच आमचे घरमालक गरवत उभे होते. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. मी त्यांना काका म्हणायची. उभा जन्म होडीवर गेलेला माणूस. पण उजवा खांदा कायमचा धरला आणि होडीवर जाणं सुटलं. आता रोज भरतीच्या वेळी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, येत. टोकाला गळ आणि शिसं बांधलेली तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी गरगर फिरवून पाण्यात फेकत. ती अलीकडच्याच लाटेत पडायची आणि लाट ती परत पायाशी आणून टाकायची.

आई तीन संध्याकाळी नुसती बघत बसली. चौथ्या दिवशी तिला राहवेना.

"काय करून राह्यले हो तुमी? सोडायची येळ चुकून राह्यली की तुमची!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूला गावातली चार माणसं होती. काका हसले. "वहिनी, तुमच्या मुलखात समुद्र कुठला? हे ज्वारीचं शेत नव्हे."

"ज्वारीच राखली म्या जन्मभर," आई म्हणाली. "द्या हिकडं."

हे मात्र खरं होतं. ज्वारी निसवून कणसं भरू लागली की आई पाखरं हाकायला शेतातल्या माळ्यावर उभी राहायची. तिच्या गोफणीतून सुटलेला खडा बांधाच्या पार टोकाला, पाखरांच्या थव्यात बरोबर जाऊन पडायचा. शेजारची शेतंही तिला बोलावत. मला हे ठाऊक होतं, पण दोरी मागितल्यावर मी हळूच म्हणाले, "आई, जाऊ दे ना. लोक हसतील."

"हसू दे की मंग."

पहिल्या फेकीला गळ तिच्याच पदरात अडकला. लुगडं टरकलं आणि लोक खरंच हसले. आईनं गळ सोडवला, पदर कमरेला खोचला आणि दोरीचा सैल भाग डाव्या हातात नीट गोळा करून घेतला. काकांनी बोटानं दाखवलं, "ती शेवटची लाट फुटते ना, तिच्या पलीकडं पाणी काळं दिसतंय. तिथं खोल आहे. तिथं मासा असतो."

डोक्यावरून तीन फेरे, आणि दोरी सुटली. शिसं लाटांवरून गेलं, आणखी गेलं, आणि त्या काळ्या पाण्यात बुडालं.

थोड्या वेळानं दोरीला असा हिसका बसला की आई गुडघाभर पाण्यात ओढली गेली. काका धावले.

"हात लावू न्हाई कुणी!" ती ओरडली. मेंढरू ओढावं तशी ती मागं रेलून एकेक हात दोरी ओढत होती. तंगुसानं तळहात कापला. लाटेबरोबर रुपेरी अंग वाळूवर आलं, तेव्हा काकाच आधी ओरडले, "रावस! अहो, रावस आहे!"

माझ्या हाताएवढा लांब होता तो. आईनं काकांना त्याचे दोन वाटे करायला लावले. "जागा तुमी दावली," म्हणाली.

त्यानंतर रोज भरतीला दोघं पुळणीवर असत. काका पाणी वाचत आणि आई फेकत असे. कधी शेंगटी मासळी मिळाली, कधी काहीच नाही. पण आरोग्य केंद्रात येणाऱ्या बायका विचारू लागल्या, "त्या लांब गळ टाकणाऱ्या बाई कोण हो?" माझी आई, असं मी दर वेळी सांगायची, आणि न विचारता केदारखेड्याचं नावही सांगायची. तिच्या बोलण्याची आदल्या आठवड्यापर्यंत मला लाज वाटत होती, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

जूनमध्ये पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या गेल्या आणि आई गावी परतली. पुढच्या मे महिन्यात तिला कुणी पोहोचवायला लागलं नाही. तीन गाड्या बदलून ती एकटीच आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत मला म्हणाली, "भरती कवा हाय गं आज?"