ट्रकमधल्या शेगडीचं धुराडं

बिडी पेटवायची, पण ओढायची नाही. हातात उभी धरून तिचा धूर कुठं वळतो ते डोळे बारीक करून बघत बसायचं. "पाहू तं खरं, जाते कुठं!" मालेगावच्या स्टँडामागे पत्र्याचे डबे, चाळण्या, नरसाळी करणारा तो मिस्त्री असा होता. तुम्ही गळका डबा घेऊन गेलात, तर डबा राहायचा बाजूला आणि तुमच्या विहिरीला पाणी कुठून येतं याची चौकशी सुरू व्हायची. भलता चौकस माणूस!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा फिरत्या सिनेमाच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. ट्रकच्या मागच्या भागात सिनेमाचं मशीन, मधे फळ्यांची भिंत आणि पुढं आमची खोली. लग्न नवंच झालेलं. सुमन त्या खोलीतच शेगडीवर रांधायची. धुरानं तिचे डोळे सुजून लाल झाले. एक दिवस पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "या धुराचं कायी करा, नायी तं मी चालली मेडशीले, माहेरी."

मला तिच्यावाचून गावोगाव हिंडायचं नव्हतं, हे सरळ सांगतो. ट्रक तडक मिस्त्रीच्या दारात उभा केला.

त्यानं आत बसून बिडीचा धूर बघितला. मग तेलाचे डबे कापून शेगडीवर उपड्या टोपल्यासारखं झाकण बसवलं, त्याला नळी जोडली आणि ट्रकच्या बाजूला भोक पाडून ती बाहेर काढली. धूर सुसाट बाहेर! सुमन हसली. सुटलो बुवा, असं मी म्हटलं.

कसला सुटतो? जऊळक्याला तंबू लागला तो नेहमीसारखा ट्रकला खेटून. संध्याकाळचा खेळ रंगात आलेला, पडद्यावर माय मरायला टेकलेली, आणि इकडं सुमननं ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या. नळीचं तोंड नेमकं तंबूकडं! सगळं पब्लिक नाकं शिंकरतंय, डोळे पुसतंय. सिनेमाचा मालक खूश. "पिच्चर चालला रे! सगळे रडून राह्यले!" मग त्यालाच ठसका लागला.

"भोक बुजव, नायी तं बायकोले घरी ठेव," त्यानं मला बजावलं.

मी निरोप धाडला, तसा मिस्त्री एसटीनं हजर. मला वाटलं, बिचारा ओशाळेल. छे! "मंग ठसका पार शेवटच्या माणसापावतर गेला काय?" हेच त्यानं आधी विचारलं. त्याला कोण आनंद!

बाजूचं भोक त्यानं पत्रा ठोकून बुजवलं आणि नळी टपातून वर काढली. तिच्यावर हातानं फिरवता येणारं वाकडं तोंड बसवलं. तंबू कुठंही लागो, ते तोंड दुसरीकडं वळवायचं. खेळ सुरू झाल्यावर सुमननं मुद्दाम मिरच्या भाजल्या. तंबूत कुणी खोकलं नाही. मालक गप्प झाला आणि सुमन माझ्यासोबत राहिली. त्या दिवशी मिस्त्रीच्या पाया पडायचंच मी बाकी ठेवलं होतं.

त्याला जेवायला वाढताना सुमननं सहज विचारलं, "तुमच्या घरी तं लय मोठं धुराडं असंल?"

घास त्याच्या हातातच राहिला. "नायी व माय. आमची घरवाली कदी बोललीच नायी. मंग मले बी सुचलं नायी." मला त्याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला मालेगावात आलो तर दुकान बंद. शेजाऱ्यानं गल्लीतल्या घराकडं बोट दाखवलं. आम्ही दोघं गेलो, तर मिस्त्री पत्र्याच्या छपरावर चढून नळी बसवत होता आणि दारात त्याची बायको करवादत होती, "साजरं टिन फोडलं या येड्यानं!"

"बडबड नको करू, चूल पेटव," तो वरून म्हणाला.

ती आत गेली, फुंकणीनं फुंकू लागली. नळीतून धुराचा लोट निघाला तो थेट वाकून बघणाऱ्या मिस्त्रीच्या तोंडावर. तो खोकून खोकून बेजार झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"लय झोंबते व!" तो ओरडला.

आत फुंकणी थांबली. "आता समजलं काय?"