गुडघेवाल्या मावशी

लहान बाळ बघायला आलेली माणसं आधी तोंड बघतात. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, याची वाटणी होते आणि त्यात आईच्या वाट्याला सहसा काही येत नाही. आमच्या मावशी मात्र बाळाच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. पहिल्या दिवशी त्या केडगावच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आल्या, हात धुतले, दुपटं उलगडलं आणि माझ्या दहा दिवसांच्या मुलीचे दोन्ही गुडघे धरून हलकेच बेडकासारखे बाजूला केले. डावा, उजवा, पुन्हा डावा. मग "ब्येस हाय" म्हणाल्या आणि तेल मागितलं. "आमच्या संदीपवर गेलीय ना?" असं विचारत माझ्या सासूबाई आशेनं शेजारी उभ्या होत्या. मावशींनी मानही वर केली नाही. "कोन संदीप?" म्हणाल्या.

संदीप म्हणजे माझा नवरा, तो तिथेच दारात उभा होता. त्यानं त्याच संध्याकाळी त्यांचं नाव ठेवलं, गुडघेवाल्या मावशी. बाळ-बाळंतिणीला अंघोळ घालायची त्यांची कामं केडगावात पाच-सहा घरी होती. मूळच्या पाथर्डीकडच्या. तरुणपणी ऊसतोडीला जायच्या, कोयता खाली ठेवला, मेले तरी उसाच्या फडात परत जाणार नाही असं ठरवलं आणि लेकरं न्हाऊ घालायला लागल्या, एवढंच त्या स्वतःबद्दल सांगत. त्यांची मुलगी मंगल त्यांना स्कूटीवरून सोडायची आणि न्यायलाही यायची. ती कधी वर यायची नाही. खालून हॉर्न वाजवायची, की मावशी अर्धा चहा ठेवून निघायच्या. "तिला वर बोलवा ना," मी दोनदा म्हटलं. "ऱ्हाऊ द्या," एवढंच उत्तर आलं. मी बाल्कनीतून बघायचे, तर ती गाडीवर बसल्या बसल्या मोबाईल चाळत असायची. आईला तीन जिने चढायला लावते आणि स्वतः खाली ऐटीत बसते, असं म्हणून मी तिच्या नावानं रोज मनातल्या मनात बोटं मोडायचे.

माझा राग तसा त्या पोरीवर नव्हता, जिन्यावर होता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना उभा, अरुंद, आणि दुसऱ्या वळणावर कठडा हलतो. माझी मुलगी चिऊ पोटातून बाहेर आली ती जणू माझ्या अंगाला चिकटूनच. खाली ठेवली की रडायची, उचलली की गप्प. माझं पोट शिवलेलं, कंबर गेलेली. एका हातात पोर आणि दुसरा हात भिंतीला, अशी मी एकदा अर्धा जिना उतरले आणि घाम फुटून परत वर आले. सासूबाईंचे गुडघे झिजलेले, त्या स्वतःच जिना उतरायला दोन दिवस आधी मनाची तयारी करायच्या. संदीप नागापूरला कारखान्यात शिफ्टला. म्हणजे तो घरी असला तरच आम्ही खाली जायचो, आणि तो घरी असला की झोपलेला असायचा. काष्टीहून माझी आई फोनवर विचारायची, "कधी येतेस?" मी म्हणायचे, "येते ना." मला काष्टीला जायचंच नव्हतं. मला फक्त कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता, पोरीला घेऊन खाली रस्त्यावर जायचं होतं. ऐकायला ही किती फालतू गोष्ट वाटते! त्या चार महिन्यांत मला दुसरं काहीही नको होतं. बाल्कनीतून पुणे रोडवरचे टेम्पो बघत मी उभी राहायचे आणि ज्याला त्याला कुठे ना कुठे जायचंय, या विचारानं मला रडू यायचं.

शेवटी मी मोबाईलवरून बाळ अडकवायचा एक पट्टा मागवला. मी एका कारखान्यात क्वालिटी बघते, त्यामुळे शिवण ओढून पाहिली, बकल दहा वेळा लावून काढलं आणि माल पास केला. चिऊला त्यात घातलं. ती गप्प बसली. मला वाटलं, सुटले! दुसऱ्या दिवशी मावशींसमोर मी ऐटीत तो पट्टा लावून उभी राहिले. त्यांनी वाकून खालून पाहिलं.

"पाय का लोंबत्यात गं तिचे?"

"तसेच असतात मावशी. फोटोत पण तसेच आहेत."

"फोटोतल्या लेकराला विचारलं व्हय कुनी?" त्यांनी चिऊच्या जांघेखालचा तो चार बोटांचा कापडाचा पट्टा ओढून दाखवला. "हितं सगळा भार. मांडीला आधारच न्हाई. तुला कुनी खुंटीला असं टांगलं तर चालंल का? कापड कसं पायजे, ह्या गुडघ्यापासनं त्या गुडघ्यापतुर. बूड खाली, गुडघं वर. बेडूक. मोळी न्हाई, बेडूक."

"मोळी न्हाई, बेडूक" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंघोळ झाल्यावर पोरीला गुंडाळतानाही तेच. माझ्या सासूबाई पाय सरळ राहावेत म्हणून दुपटं घट्ट आवळायच्या. मावशी ते सोडून टाकायच्या, हात गुंडाळायच्या आणि पाय मोकळे ठेवायच्या. यावरून दोघींची रोज धुसफूस चालायची. मी मात्र त्या वाक्याला मनापासून हसायचे.

मग माझ्या पुण्याच्या मैत्रिणीनं तिची कड्यांची झोळी पाठवली. दोन कड्यांतून कापड ओवायचं आणि एका खांद्यावर घ्यायचं. दिसायला ती फार सुरेख. चिऊ तिच्यात आडवी झोपली, हनुवटी छातीला टेकली. मावशी तेलाच्या हातानंच धावत आल्या आणि तिला आधी उभी केली. "ही दोन बोटं हनवटीखाली गेली पायजेत. न्हाई गेली तर दम कोंडतो. आन् तू नुसती मान खाली घातली की टाळूला तुजे व्हट लागले पायजेत. एवढी वर बांधायची. नाक उघडं, तोंड दिसाया पायजे." स्वतः तोंड न बघणाऱ्या बाईनं हे सांगावं, याची मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी माझा एक खांदा असा भरून आला की केसही विंचरता येईनात. मावशींनी तो चोळता चोळता निकाल दिला, "भार कंबरंवर पायजे. खांद्यानं लेकरू वाहत न्हाईत, पोरी."

सगळ्यात मऊ आणि न घसरणारं कापड म्हणजे जुनं सुती लुगडं, असं त्यांचं मत. ते आमच्या घरात एकाच माणसाकडे होतं. सासूबाईंनी ट्रंकेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता काय ऊसतोड्यांसारखी पोर पोटाला बांधून फिरणार का ही? लोक काय म्हणतील?" बोलून गेल्यावर समोर कोण बसलंय ते त्यांच्या लक्षात आलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मावशी चिऊच्या तळपायाला तेल लावत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. "आक्का, ऊसतोडीनीनं बांधताना चूक केली हुती," त्या म्हणाल्या. "म्हनून तर ही आता नीट बांधाया शिकवते." त्याचा अर्थ तेव्हा आम्हा दोघींनाही कळला नाही. पण संध्याकाळी सासूबाईंनी ते नऊवारी मधोमध कापलं आणि अर्धं माझ्या पलंगावर ठेवलं.

चिऊला त्यात बांधायची परवानगी मात्र मला लगेच मिळाली नाही. मावशींनी आधी पाच किलो बाजरीची पिशवी माझ्या पोटाशी बांधायला लावली. "बाजरी रडत न्हाई. तिच्यावर शिकून घे." मी ती बाजरी बांधून घर झाडलं, पोळ्या लाटल्या, दाराची बेल वाजली तेव्हा तशीच दार उघडायलाही गेले. शेजारच्या वहिनींनी बघितलं आणि काही न विचारता परत गेल्या. मी कमरेतून वाकले की मावशी ओरडायच्या, "गुडघ्यात बस! आन् एक हात तिच्या मानंला!" बाजरीला मान नसते, असं मी म्हटलं, तर त्यांनी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि म्हणाल्या, "ही बघ मान." आठ दिवसांनी बाजरी घसरायची थांबली. मग चिऊ बसली, बेडकासारखी, कान माझ्या छातीला लावून. माझे दोन्ही हात मोकळे होते. त्यांचं काय करायचं तेच मला कळेना. जिन्याची मात्र अजून भीती वाटत होती.

दसरा झाला आणि मावशी एके दिवशी म्हणाल्या, "उद्यापासनं येनार न्हाई." त्यांचा गावाकडचा मुलगा आणि सून टोळीबरोबर ऊसतोडीला निघाले होते. सुनेची पहिलीच खेप आणि पोरगं दोन महिन्यांचं. ती दोघं फडात तोडणार, तर पोराकडे कोण बघणार?

"पण मावशी, तुम्ही तर म्हणाला होता, मेले तरी फडात परत जाणार नाही."

"म्हनले हुते." त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "सून तोडंल. लेकरू मी बांधीन. दुसऱ्या कुनाच्या हाती न्हाई देनार." मग एकदम म्हणाल्या, "बांध हिला. आज खाली उतरायचं. मी हात लावनार न्हाई."

मी बांधलं. हनुवटीखाली दोन बोटं, टाळूला ओठ, गुडघे वर. सासूबाई दारात उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या. मावशी माझ्या मागे. मी एक हात भिंतीला आणि एक चिऊच्या पाठीला लावून एकेक पायरी उतरले. हलणारा कठडा मागे पडला. शेवटच्या जिन्यावर मावशींना वरून सासूबाईंची हाक आली म्हणून त्या परत वळल्या, आणि मी एकटीच रस्त्यावर आले.

समोर मंगल गाडीवर बसली होती. मला बघून ती उतरली आणि माझ्याकडे चालत आली. चार पावलांत मला सगळं दिसलं. तिचं शरीर दर पावलाला एका बाजूला खचत होतं.

"मी वर येत न्हाई, म्हणून राग नका धरू ताई," ती हसून म्हणाली. "मला जिना चढायचा म्हणजे लई दुखतं." मग तिनं चिऊच्या गुडघ्याखालून बोट फिरवून पाहिलं, अगदी आईसारखं. "मी झाले तेव्हा आई सतरा वर्षांची. उसाच्या वाढ्याची मोळी बांधतात तशी तिनं मला बांधली. पाय सरळ, एकावर एक, आवळून. घट्ट बांधलं की पडत न्हाई, एवढंच तिला ठाऊक. दिवसभर मी तशी फडाच्या कडंला. माझा खुबा निसटला, ते चालायला लागल्यावर कळलं. डॉक्टर म्हणले, जन्माचंबी असू शकतं. मीबी आईला तेच सांगते. ती ऐकतच न्हाई."

मोळी न्हाई, बेडूक. चार महिने मी त्या वाक्याला हसत होते.

मावशी खाली आल्या. त्यांच्या हातात सासूबाईंच्या लुगड्याचा दुसरा अर्धा भाग होता, नातवासाठी. त्यांनी माझी गाठ तपासली नाही. गुडघ्यांनाही हात लावला नाही. चिऊच्या समोर आल्या, पदर सावरला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुज्यावानी हाय की गं," त्या म्हणाल्या. "डोळं तुजंच."

चिऊ माझ्यावर गेलीय, असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. मला रडू आवरेना. स्कूटी निघून गेली आणि मी तशीच रस्त्याच्या कडेला उभी राहिले, दोन्ही हात मोकळे, पोर पोटाशी. मला ज्यांनी बाहेर काढलं त्या त्याच दिवशी, आपण होऊन, जिथून सुटल्या होत्या तिथे परत चालल्या होत्या. मी कोपऱ्यावर जाऊन कोथिंबिरीची जुडी घेतली आणि वर आले. घरात कोथिंबीर होती.

आता मी रोज खाली जाते. काष्टीच्या बाजारातही चिऊला बांधून फिरून आले. कुणाच्या कडेवर बाळ दिसलं की माझी नजर आधी गुडघ्यांवर जाते आणि नंतर लाज वाटून तोंडाकडे. परवा खाली रस्त्यावर मंगल भेटली, तिच्या मोबाईलवरून मावशींशी बोलणं झालं. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. पाचटाच्या झोपडीत, कोपीत, थंडी फार आहे, लुगडं चांगलं ऊब देतं, आक्कांना सांग, म्हणाल्या. मी विचारलं, "नातू कुणावर गेलाय मावशी? तुमच्यावर का?"

"तोंड कुनी बघितलंय अजून," त्या म्हणाल्या. "चालायला लागू दे. मग बघीन."