बाराची सातवी फोड

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. मुद्रितं तपासण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती आणि तिच्या नजरेतून अनुस्वारही सुटत नसे. गणिताशी संबंध मात्र शाळेतच संपलेला, तोही काठावर पास होऊन.

एकदा एका प्राध्यापकांचं पुस्तक छपाईला आलं. असल्या मजकुरात अर्थ कळायची गरज नसते. हस्तलिखिताशी आकडे ताडले की झालं. पण भिंगबाई अडली. मूळ संख्यांच्या बेरजेतून बारा किती प्रकारे होतात, याचं उत्तर एका पानावर कंसांच्या लांबलचक गुणाकारातून सात आलं होतं. पुढे तक्त्यात तेच सहा होतं. दोन्ही हस्तलिखिताबरहुकूम.

तिने फोन लावला. तक्ता आपण हाताने मोजलाय, तोच बरोबर, असं प्राध्यापक म्हणाले. "तुम्ही अक्षरं बघा, बाई."

बोलणं लागलं. रविवारी सकाळी भाजी निवडायची सोडून ती कागद घेऊन बसली. जिला एकाने आणि स्वतःनेच भाग जातो ती मूळ संख्या, एवढं लेकीच्या पुस्तकातून कळलं. दोन, तीन, पाच, सात, अकरा. बस चालवणाऱ्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशीही प्रेस का, म्हणून विचारलं आणि गुमान भाजी पुढ्यात ओढली. सात आणि पाच. सात, तीन, दोन. दोन पाच आणि एक दोन. पाच, तीन, दोन दोन. दोन तीन आणि तीन दोन. सहा वेळा दोन. सहाच झाले. बाईचा चेहरा पडला. कागद ठेवता ठेवता तिला सातवी फोड दिसली.

सोमवारी प्राध्यापक आले तेव्हा तिने कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"तीन चोक बारा," ते म्हणाले. "हे पाढ्यातलं सुटलं माझ्याकडून."

मग खुर्ची ओढून त्यांनी तो गुणाकार उलगडला. त्याला जनक फलन म्हणतात. पहिला कंस दोनांचा: एकही नको, एक घ्या, दोन घ्या, हवे तितके. दुसरा तिनांचा, तिसरा पाचांचा. कंसातलं प्रत्येक पद म्हणजे क्षचा एक घात; प्रत्येक कंसातून एकेक पद उचलून गुणलं की घातांकांची बेरीज होते. ती जितक्या वाटांनी बारा येते, तितका क्षच्या बाराव्या घातापुढचा आकडा. कंस काही विसरत नाही, माणूस विसरतो.

पुढचे चार महिने बाईने रद्दी प्रुफांच्या पाठीवर पन्नासपर्यंतचा तक्ता केला. पन्नासला आठशे एकोणीस आले. तिने तो टपालाने पाठवला. उत्तर आलं: चौतिसाचा आकडा एकाने कमी आहे, बाकी सगळं बरोबर. तिने तो पुन्हा काढला; खरंच एकशे सत्तावन्न होते.

दुसऱ्या आवृत्तीत तो अख्खा तक्ता आला. प्रस्तावनेत आभार होते, 'मुद्रितशोधिकेचे'. नाव का नाही घातलं, म्हणून नवरा कुरकुरला. बाई म्हणाली, "मीच नको म्हटलं. चौतीस चुकलं होतं ना."