विमान उदगीरवर आलं की

आमच्या शेजारच्या अप्पांनी गच्चीवर छत्रीच्या काड्यांची अँटेना केली आहे. बाजारातलं आडतीचं दुकान बंद करून आले की ते लॅपटॉपला पेनड्राइव्हएवढा रेडिओ जोडतात आणि लातूरवरून जाणाऱ्या विमानांचे ठिपके बघत बसतात. मी दिसलो की हाक मारतात, "या, हैदराबादचं आलंय. लई उंच हाय." स्वतः मात्र विमानात कधी बसले नाहीत. "आपलं काय काम तिथं?" म्हणतात आणि रुमालानं लॅपटॉपचा पडदा पुसतात.

मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं तेव्हा "माझा उंबरा चढू नको" असं अप्पांनीच तिला बजावलं. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं. ती हैदराबादला असते, कामासाठी मुंबईला जाते. विमानाचा नंबर आईला, म्हणजे काकूंना, कळवते. काकू तो जिन्यातूनच मोठ्यानं वाचतात, कुणाला सांगत नसल्यासारख्या. अप्पा मान वर न करता पडद्यावर तो नंबर शोधतात.

परवा मी गच्चीवरच होतो. उदगीरकडून काकूंनी वाचलेल्या नंबराचा ठिपका आला. दिवे लागायच्या आत केर काढावा म्हणून काकूंनी खाली झाडू घेतला, तसे अप्पा ओरडले, "थांब! झाडू नको. अजून दिसायलंय."

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की आमच्याकडं लगेच केर काढत नाहीत. काकू झाडू हातात धरून दारात उभ्या राहिल्या. ठिपका बार्शीच्या पुढं गेला आणि पडद्यावरून नाहीसा झाला.

"हं, झाड आता," अप्पा कठड्यावरून वाकून हळूच म्हणाले.

आणि ज्या घरातून ती निघालीच नव्हती, ते घर काकू झाडू लागल्या.