मेणबाईच्या पलंगाखालचे ठोकळे

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे मेणबाई म्हणत. मऊ होती म्हणून नव्हे. जिभेला तिच्या चांगलीच धार होती. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, त्याचा ठोकळा गोठवायचा आणि पात्यावर केसाहून पातळ काप काढायचे, हे तिचं एकतीस वर्षांचं काम. शेजारच्या टेबलावर मी रिपोर्ट टाइप करायचो आणि अधूनमधून कुणाचं कुणाशी जुळलंय याचा रिपोर्ट तिच्याकडून घ्यायचो. तो कधी चुकला नाही.

एका सकाळी शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई खिडकीशी आल्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या अंडाशयातली गाठ काढली होती. आता पोटात पुन्हा गाठ. सर्जनने स्पष्टच सांगितलं होतं: नवा, झपाट्याने पसरणारा कॅन्सर असेल तर पोट उघडण्यात अर्थ नाही, जुनीच गाठ परतली असेल तर परवा ऑपरेशन.

साहेब, म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट, मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढून म्हणाले, "नव्या गाठीतून सुईने काढलेला तुकडा मुंगीएवढा. दिसतोय वाईट. पण जुनी गाठ ग्रॅन्युलोसा पेशींची असेल तर गोष्ट वेगळी."

अंडाशयात वाढणाऱ्या बीजाभोवती कडं करून त्याला जपणाऱ्या या पेशी. त्यांच्यातून गाठ झालीच, तर ती सहसा आक्रस्ताळी नसते. पण डूख धरते. वीस-वीस वर्षं गप्प बसून परत येते. ताडून पाहायला जुना ठोकळा हवा होता. मी रजिस्टर काढलं. नंबर सापडला, आणि पुढे शिक्का: नष्ट.

"दहा वर्षांवरचे सगळे जाळले आपण," साहेब म्हणाले. "माझी सही आहे."

मेणबाई हातमोजे काढत म्हणाली, "सही तुमची आहे. जाळायचं काम माझ्याकडे होतं."

"मग?"

"नाही जाळले. घरी आहेत. पलंगाखाली."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी तो मनसोक्त बघून घेतला.

"नोकरी जाईल तुझी," ते कसेबसे म्हणाले.

"जाऊ दे. आधी स्कूटर काढायला सांगा याला."

मी काढली. मागे बसून ती सिग्नलगणिक माझ्या पाठीत बोट खुपसत होती. "अरे, बैलगाडी हाकतोयस का?"

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. मेणबाई सरळ पलंगाखाली शिरली आणि पत्र्याचे डबे एकामागून एक बाहेर यायला लागले. सासूबाई मला म्हणाल्या, "सुनेनं एवढे डबे आणले म्हणून शेजारी मिरवलं हो मी. उघडून बघते तर मेण."

सातव्या डब्यात तो नंबर होता. मेणबाईने ठोकळा ओढणीच्या टोकात गाठ मारून बांधला आणि परतीच्या वाटेवर मुठीतून सोडला नाही.

लॅबमध्ये पहिला काप भुगा होऊन पडला. दुसराही. बावीस वर्षांत तुकडा पार सुकला होता. तिने ठोकळा ओल्या बर्फावर पालथा घातला आणि पोळलेल्या पोराला थोपटावं तसा पंधरा मिनिटं धरून बसली. खिडकीबाहेर शिवणबाई स्वतःच्या पदराची शिवण उसवत होत्या. मग पातं फिरलं आणि सलग पातळ फीत निघाली. तिने ती कोमट पाण्यावर सोडली, काचेवर अलगद उचलली.

रंगवलेली काच साहेबांनी बघितली. नवी काच बघितली. पुन्हा जुनी. मग मला बोलावलं. एरवी मला तिथे फिरकूही देत नसत. गव्हाच्या दाण्यावर असते तशी खाच, पेशीपेशीच्या केंद्रकावर. दोन्ही काचांवर तीच.

"जुनीच आहे," साहेब म्हणाले. आवाज जरा चढलाच त्यांचा. "टाइप कर. नाही, राहू दे, आधी फोन लाव सर्जनला."

मेणबाई केव्हाच खिडकीशी पोचली होती. "बाई, जुनीच आहे तुमची. नवी नाही."

शिवणबाईंनी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला. "मग उघडतील ना पोट?"

फोन कानाला धरूनच साहेबांनी होकारार्थी मान हलवली, आणि मेणबाईने त्यांना सर्जनला विचारायला सांगितलं की बाईंनी परवा उपाशीपोटी किती वाजता यायचं.