पेन कपाटात ठेवणाऱ्या बाई

आमच्या शाळेतली मुलं त्यांना मौनीबाई म्हणत, कारण एक प्रश्न विचारून त्या गप्प बसत. आठवड्यातून एकदा ग्रंथालयामागच्या खोलीत एकेका मुलाला त्याचा निबंध घेऊन बोलवायच्या. दोन खुर्च्या शेजारी-शेजारी, समोरासमोर नव्हे. बसण्याआधी बाई स्वतःचं पेन कपाटात ठेवून कडी लावायच्या. पेन्सिल मुलाच्या हातात. त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि बाईंनी एकच प्रश्न विचारायचा, "यात तुला नेमकं काय सांगायचंय?" मूल खिडकीकडे बघे, नाक खाजवे आणि शेवटी आपणच चार ओळी खोडून एक खरी ओळ लिही.

मला आधी ही थेरं वाटायची. मी पाच मिनिटांत अख्खी वही लाल करणारी शिक्षिका. एकदा विचारलंच, "मग चुका कधी दाखवणार?"

"दाखवू की नंतर. आधी त्याला बोलू तर दे," बाई म्हणाल्या आणि मग आपणहून सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

त्यांची लेक पहिल्यांदा वसतिगृहात गेली, तेव्हा तिचं चार पानी पत्र आलं होतं. इथे करमत नाही, रात्री रडू येतं, असं काहीबाही. बाई तेव्हा वह्यांच्या गठ्ठ्यात बुडालेल्या. जित्याची खोड! त्यांनी पत्रही तपासलं, समासात 'पाल्हाळ टाळावा' लिहिलं आणि परत पाठवलं. वर 'अक्षर सुंदर' असा शेरा.

लेक आता दूर, आपल्या संसारात. दर रविवारी फोन करते. जेवलीस का, गुडघा कसा आहे, एवढंच. पत्र मात्र वीस वर्षांत नाही. बाईंचा जीव त्या न आलेल्या पत्रांत अडकलेला. टपालवाला फाटकात दिसला की बोलता बोलता थांबायच्या.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तीन पानं घेऊन मला त्याच खोलीत बोलावलं. लेकीला लिहिलेली. मुलाच्या खुर्चीत बसून वाचू लागल्या. तब्येत, निरोप समारंभ, शेजारणीची मांजर. मी माझं पेन आधीच कपाटात टाकलं होतं.

"बाई, यात तुम्हाला नेमकं काय सांगायचंय?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं, नाक खाजवलं. मला गप्प बसवेना, पण बसले. मग त्यांनी तिन्ही पानांवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'तुझं ते पत्र अजून असेल, तर परत पाठव. या वेळी नुसतं वाचीन.'